किल्लीवाल्या सरदारजींचा परस्पर ठरलेला निरोप

सन्माननीय अध्यक्षमहोदय, या सभागृहातल्या निम्म्या मंडळींना कान धरून शिकवणाऱ्या आजच्या प्रमुख पाहुण्या आमच्या मोठ्या बाई, व्यापारी मंडळाचे उत्साही सचिव, सर्व पदाधिकारी, आणि भर दुपारी दुकानं बंद ठेवून सहकुटुंब आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

सचिवसाहेबांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "उस्ताद, हलकंफुलकं बोला, लोकांना हसवा आणि लवकर आटपा." केस कापणाऱ्याला बोलायला सांगायचं आणि वर लवकर आटपायलाही सांगायचं, हे जरा अवघडच. तरी प्रयत्न करतो.

सत्कारमूर्तींची खुर्ची अजून रिकामी आहे. अध्यक्षसाहेब सारखे दाराकडे बघताहेत. टेबलावर फुलांचा गुच्छ आहे, मानचिन्ह आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत 'निरोप' लिहिलंय. त्या खुर्चीबद्दलही बोलतो, पण मला ओळीनं बोलू द्या. मध्येच कात्री लागली की केसही बिघडतात आणि गोष्टही.

मला इथं शेजारी म्हणून बोलावलंय. माझं सलून आणि सरदारजींचं किल्ल्यांचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही पातळ. त्यांच्याकडे कानस फिरायला लागली की माझ्याकडचा आरसा थरथरतो. गिऱ्हाईक विचारतं, "भूकंप आहे का?" मी म्हणतो, "नाही, शेजारी कुणाच्या तरी घराची किल्ली जन्माला येतेय."

ते इथं नवीन आले तेव्हाची गोष्ट. मी दुकानात एकटाच होतो. दारात हा उंच माणूस, डोक्यावर गडद निळी पगडी आणि छातीपर्यंत दाढी. मला तर देवच पावला! एवढं काम एकाच गिऱ्हाइकात! मी खुर्ची पुसली, कापड झटकलं आणि म्हटलं, "या, बसा. कुठून सुरुवात करू?" ते पोट धरून हसले. म्हणाले, "उस्ताद, तुमच्या मागच्या दाराचं कुलूप बिघडलंय म्हणून निरोप मिळाला. मी त्याच्यासाठी आलोय. बाकी माझ्यावर तुमचा धंदा कधीच चालायचा नाही."

तेव्हापासून त्यांनी मला उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि मग तुम्ही सगळेच म्हणायला लागलात. माझ्या वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

हसलात, बरं वाटलं. आता मला सांगा, सरदारजींना आपण एवढी वर्षं पाहतोय, त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत होतं? विनोद माहीत होते. माझ्या खुर्चीत बसून, पातळ भिंतीपलीकडे ते बसलेले असताना, किती जणांनी ते विनोद सांगितले! आणि विनोदाशिवाय काय? शीख म्हणजे नेमकं कोण, ते कशाला मानतात, केस का राखतात, हातात कडं का घालतात, हे कुणी विचारलं? मी विचारलं होतं, पण तेही धंद्याच्या कुतूहलानं. केसांचा विषय म्हणजे माझा विषय.

ते म्हणाले, "हे मला दिलेलं आहे, उस्ताद. ज्यानं दिलं त्याला मी सांगायचं नाही की इथं थोडं जास्त झालं. माझं काम विंचरायचं, स्वच्छ ठेवायचं आणि मानानं बांधायचं."

त्यांच्या घरी मी एकदा सकाळीच गेलो होतो. वाचनालयात काम करणारी त्यांची लेक पगडीच्या कापडाचं एक टोक धरून खोलीच्या या कोपऱ्यात उभी, आणि हे दुसरं टोक धरून त्या कोपऱ्यात. दोघं कापड ताणून त्याची घडी घालत होते. बाप म्हणाला, "ओढ नीट," लेक म्हणाली, "ओढतेय की, तुम्हीच पुढे सरकताय." वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "भांडण नंतर, चहा निवतोय." मी आयुष्यभर लोकांची डोकी हाताळली, पण डोक्याचा एवढा मान कुणाच्या घरात पाहिला नव्हता.

असो. मोठ्या बाई, तुमची न्हाणीघराची गोष्ट सांगू का? बाईंनी मान हलवली, म्हणजे परवानगी आहे.

बाई घरी एकट्या असतात. एके दिवशी न्हाणीघराच्या दाराची कडी आतून अडकली. बाई आत. शेजारणीला हाका ऐकू गेल्या आणि ती धावत सरदारजींकडे आली. ते हत्यारं घेऊन गेले, बाहेरून कडी सैल केली, पण दार मुद्दाम उघडलं नाही. शेजारणीच्या हातात मोठा टॉवेल दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "बाई, दार आता आतून ढकला, उघडेल. मी इथं नाहीच असं समजा." बाई बाहेर येऊन कपडे घालून चहा करेपर्यंत हा माणूस भिंतीकडे तोंड करूनच उभा होता! शेवटी बाईंनाच सांगावं लागलं, "अहो, वळा आता, शिक्षा संपली."

हा आपला किल्लीवाला. या बाजारातल्या बहुतेक घरांची कुलपं त्यानं बसवलेली.

आणि मग ती बातमी आली.

कुठलं तरी दूरचं शहर. तिथं कुणी तरी माणसं मारली. सगळ्या वाहिन्यांवर एकच चेहरा दिवसभर दाखवत होते. दाढी, आणि डोक्याला गुंडाळलेलं कापड. तो माणूस शीख नव्हता. त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, डोक्याचं कापडही वेगळं. पण माझ्या सलूनमध्ये टीव्ही लावलेला होता आणि बाकावर बसलेल्या कुणी तरी सहज म्हटलं, "आपला किल्लीवाला असाच दिसतो की."

सहजच म्हटलं हो. एवढंच वाक्य. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणी तरी दुसरं वाक्य म्हटलं, "सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतील, नाही?"

तुमच्यापैकी कुणीही सरदारजींना तोंडावर काही बोललं नाही. हे मी कबूल करतो. आपण सभ्य माणसं. आपण फक्त कुलपं बदलली. शेजारच्या गावातून दुसरा माणूस बोलावला आणि एकेका दाराचं कुलूप बदलून घेतलं. पण आपल्या किल्लीवाल्याची नजर कुठं जाणार? मी चेहरा बघायच्या आधी केस बघतो, तसा तो माणूस दारावर आधी कुलूप बघतो. रोज कामावर येताना त्याला कळत होतं, आज हे घर गेलं, आज ते. एकदा मला म्हणाला, "उस्ताद, मोठ्या बाईंच्या दारावरही नवीन आहे." कानस उचलली, पण चालवली नाही.

बाई, मी तुम्हाला दुखवायला हे सांगत नाही. तुम्हीही एकट्या राहता. भीती कुणाला चुकली आहे?

मग सरदारजींच्या लेकीनं ठरवलं की लोकांना माहीत नाही म्हणून लोक घाबरतात. ती वाचनालयात काम करणारी पोर. तिचा विश्वास असा की माहिती मिळाली की माणूस शहाणा होतो. तिनं वाचनालयात कार्यक्रम ठेवला. नाव दिलं, 'आमची ओळख'. दोन्ही दालनं एकत्र केली, खुर्च्या मांडल्या. मी गेलो होतो, तुम्ही बरेच जण होतात. एवढी गर्दी बघून पोरीचा चेहरा फुलला. मला मात्र त्या गर्दीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, तेच खटकत होतं.

सरदारजी साधं बोलले. म्हणाले, "आम्ही एकच देव मानतो. कष्ट करून खावं, वाटून खावं, त्याचं नाव विसरू नये, झालं. आमच्याकडे जेवायला सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात. राजा आला तरी तिथंच आणि हमाल आला तरी तिथंच. आमची प्रार्थना संपते ती सगळ्यांचं भलं होवो असं म्हणून." मग त्यांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

कुणीच काही विचारलं नाही. फक्त मागून एक आवाज आला, "कमरेला ती कट्यार आहे ना, ती दाखवा."

त्यांनी सांगितलं, "तिला आम्ही कृपाण म्हणतो. ही मिरवायची वस्तू नाही. दुबळ्यावर कुणी हात उचलला तर त्याच्या पाठीशी उभं राहायचं, याची ती आठवण आहे."

"पण दाखवा तरी!"

लेकीनं बापाकडे पाहिलं. माहिती द्यायला तर बोलावलं होतं सगळ्यांना. सरदारजींनी म्यानावर हात ठेवून ती नुसती वरच्या वर दाखवली. बाहेर काढलीसुद्धा नाही. तेवढ्यात मागून मोबाइलचा उजेड चमकला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर होता. माझ्याही. त्यात एका ओळीतलं जेवण नव्हतं, लेक नव्हती, खुर्च्या नव्हत्या, सगळ्यांचं भलं नव्हतं. नुसता तो चेहरा, म्यानावर हात, आणि खाली लिहिलेलं, "किल्ल्याही याच्याकडे, शस्त्रही याच्याकडे." ओळख करून द्यायला गेलेल्या माणसाची आपण ही ओळख केली.

त्यानंतर एका सकाळी त्यांच्या दुकानाचं कुलूप उघडेना. आत कुणी तरी गोंद भरला होता. सरदारजी शटरपुढं उकिडवे बसून सुईनं कण कण काढत होते. मी म्हटलं, "पोलिसांत सांगू या." ते म्हणाले, "हळू बोला, घरी कळेल." तेव्हा मला समजलं की हे आधीही घडलंय. रोज घरातून लवकर निघायचं, कुणी बघायच्या आत कुलूप साफ करायचं आणि वहिनी डबा घेऊन आल्या की हसून विचारायचं, आज भाजी काय?

सचिवसाहेब, तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवताय, मला दिसलं. संपवतो.

त्याच सुमारास सचिवसाहेब आणि आणखी दोघं माझ्या सलूनमध्ये आले. केस कापायला नाही. बाकावर बसले, चहा घेतला. बोलणं इतकं गोड की चहात साखर लागत नव्हती. "उस्ताद, तुमचा त्यांच्याशी घरोबा आहे. त्यांच्याबद्दल ऐकवत नाही हो आता, लोक काहीही बोलतात. त्यांच्या भल्यासाठी सांगतो. तुम्ही त्यांना समजवा. एकदाच कात्री फिरवायची. दाढी-केस गेले की विषय संपला. आम्ही स्वतः फोटो काढून सगळ्यांना पाठवू, बघा, आपल्यासारखाच तर आहे."

मी विचारलं, "आपल्यासारखा म्हणजे नक्की कुणासारखा? अध्यक्षांना टक्कल आहे. तुमच्या केसांचा रंग किती खरा ते मला विचारू नका."

ते हसले नाहीत. उठता उठता एक जण म्हणाला, "उस्ताद, दुसऱ्या कुणाच्या हातात कात्री जाण्यापेक्षा तुमच्या हातात बरी."

भगिनींनो, बंधूंनो, मी जन्मभर हातात कात्री धरलीय, तिची भीती मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी ते गेल्यावर मी सगळ्या कात्र्या खणात ठेवल्या आणि खण लावून टाकला. बाहेर उन्हं होती, रस्त्यावर माणसं होती, आणि मी दुकानाच्या दारात उभा राहून बघत होतो की यातलं कोण ते वाक्य खरं करेल.

सरदारजींना मी ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात ना? मग झालं."

आणि मग या समारंभाची आमंत्रणं वाटली गेली. आमंत्रण छान आहे, कागद जाड आहे. 'आपले लाडके किल्लीवाले सरदारजी आपला निरोप घेत आहेत.' मी ते घेऊन शेजारी गेलो. विचारलं, "कुठं निघालात? मला सांगितलंसुद्धा नाही!" त्यांनी ते वाचलं. उलटून बघितलं. पुन्हा वाचलं. मग वहिनींना हाक मारून विचारलं, "अगं, आपण कुठं चाललोय का?"

मंडळी, ज्याचा निरोप आहे त्याला तो निरोप आमंत्रणातून कळला. लग्न परस्पर ठरलेलं ऐकलं होतं. माणसाचं गाव सोडणं परस्पर ठरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तरी मला वाटलं, फार तर काय होईल? फुलं देतील, टाळ्या वाजवतील आणि त्यांना अवघडून जावंच लागेल. पण काल माझ्या खुर्चीत एक तरुण दुकानदार बसला होता. तोंडाला फेस, कानाला मोबाइल. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटतं की मागं उभा असलेला बहिरा आहे. तो कुणाला तरी सांगत होता, "समारंभ सुरू झाला की निघायचं. बाजार बंद, सगळे हॉलमध्ये, तो स्टेजवर. मंडळाचं कुलूप लावून टाकायचं शटरला. परत आला तर उघडणार कसा? उघडलं तर म्हणू, बघा, कुलूप फोडतो."

माझ्या हातात वस्तरा होता. त्याच्या गळ्यावर मी तो कसा फिरवला, माझं मलाच माहीत. दाढी स्वच्छ झाली. एक ओरखडा नाही.

त्याला पाठवून मी तडक पलीकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या समारंभाला जाऊ नका." वहिनी एकदम म्हणाल्या, "चला ना, खरंच जाऊ कुठंतरी. मला रस्त्यावर पाऊल वाजलं तरी धसका बसतो." लेक रडत होती. म्हणत होती, "माझ्यामुळे झालं, मी तो कार्यक्रम ठेवायला नको होता." सरदारजी तिच्याजवळ बसले. म्हणाले, "बेटा, तू दार उघडलंस. आत येऊन कुणी चोरी केली तर दोष दाराचा नसतो."

मग मला म्हणाले, "उस्ताद, मी तो गुच्छ घेतला तर मी जातोय असं मीच सांगितल्यासारखं होईल. मी दुकानात बसणार. शटर उघडं."

"आणि ते आले तर?"

"चहा विचारीन."

"आणि नाही म्हणाले तर? ती कृपाण...?"

"ती दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे. माझ्या अपमानासाठी नाही. मी नुसता उभा राहीन."

तर अध्यक्षमहोदय, दाराकडे बघू नका. ते येणार नाहीत. ते आत्ता दुकानात आहेत. वहिनी आहेत, लेक आहे. माझी बायकोही तिथंच आहे. त्या दुकानात बसायला काही नाही म्हणून तिनं सलूनमधल्या खुर्च्या नेल्यात.

आणि मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मागच्या दोन रांगा भरलेल्या होत्या. वळून बघा. कधी उठले ते? मी 'बातमी आली' म्हणालो तेव्हा पहिले गेले. ते तिथं बंद शटर समजून गेलेत. तिथं त्यांना उघडं दुकान आणि चार माणसं दिसतील. त्यातल्या तीन बायका. बाजारात दुसरं कुणी नाही, आपण सगळे इथं आहोत. कुलूप हातात घेऊन निघालेला जमाव नुसतं कुलूप घेऊनच परत येतो का, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?

माइक बंद झाला वाटतं. चालेल, मला आवाज आहे.

अध्यक्षसाहेब, तुम्ही मोबाइल काढलात. तुमच्या एका शब्दावर ते थांबणार असतील तर अवश्य बोला, आम्ही थांबतो. ... उचलत नाहीत? पुन्हा लावा. ... नाही ना? म्हणजे आता ते तुमच्याही हातात राहिलेलं नाही.

बाई, तुम्ही उठलात? जपून, व्यासपीठाला पायरी आहे. माझा हात धरा. काय म्हणालात? मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू दे. बाई म्हणताहेत, "माझ्या शाळेतली पोरं आहेत ती. मला बघून मान खाली घालतात की नाही, ते बघू."

तिकडे भाजीवाल्या मावशी उठल्या. शिंपीदादा उठले. तुम्ही बसलात तरी हरकत नाही, ताई, पोर लहान आहे कडेवर. बाकीच्यांनी आपलं आपण ठरवावं. मी कुणाचं नाव घेणार नाही.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल ऋणी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. हलकंफुलकं बोलायचं कबूल करून मी भलतंच बोललो. वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी पडलो असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

आता फक्त एक विनंती. दारातून बाहेर पडलात की धावू नका. ओरडू नका. बाईंच्या चालीनं चला. मलाही घाई आहे, माझी बायको तिथं आहे, तरी चालतच जायचं. ती चार माणसं आपल्याला लांबून येताना बघतील. धावत गेलो, तर आपण कोण आहोत ते त्यांना कळायचं नाही.